महिन्याला एक इंच

हेन्द्रे नावाच्या शेतघराला दरवर्षी मे महिन्यात चुना लागायचा. एलुनेद लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी सासूने तिच्या हातात कुंचला दिला. "वाऱ्याकडच्या भिंतीला दोन हात, बाकीच्यांना एक," एवढंच सांगितलं आणि ती गाई पिळायला निघून गेली. तेव्हापासून सत्तेचाळीस वेळा एलुनेदने त्या भिंतींना चुना दिला. ती शिडीवर चढायची आणि तिचा नवरा इदवल खाली शिडी धरून उभा राहायचा, कारण उंचावर गेलं की त्याला घेरी यायची. ही गोष्ट दरीत दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती.

भिंती दोन फूट जाडीच्या, ओढ्याकाठच्या दगडांच्या. वेल्समधल्या त्या डोंगरात पाऊस वरून कमी आणि समुद्राकडून आडवाच जास्त येतो. भिंत भिजायची, वारा सुटला की सुकायची. एका साली ओढा घरात शिरला होता, तेव्हा मागची खोली वर्षभर बंद ठेवावी लागली. नवी नवरी एलुनेद उतावीळ झाली होती. इदवल भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला होता, "दगडाची भिंत महिन्याला एक इंच सुकते, एलू. तिला घाई केलेली आवडत नाही."

त्याच मागच्या खोलीत इदवल जन्मला होता आणि आता म्हातारपणी त्याचा पलंगही तिथेच होता. बुरशी धरलेलं गवत जन्मभर हलवून त्याची छाती खराब झाली होती. चार पावलं चालला की तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहायचा आणि जणू काही बघायला थांबलोय असं दाखवायचा.

एप्रिलमध्ये तपासायला आलेल्या नर्सने खोलीत फिरून खिडकीच्या फटीशी हात धरला.

"खोली ऊबदार हवी," ती म्हणाली. "आणि कोरडी हवी. पुढचा हिवाळा असाच गेला तर यांना इथे ठेवता येणार नाही. गावातल्या वृद्धाश्रमात न्यावं लागेल."

"मी या खोलीत जन्मलो," इदवल म्हणाला. "मरायला दुसऱ्याच्या खोलीत कशाला जाऊ?"

"मरायचं कोण बोलतंय? मी खोलीबद्दल बोलतेय."

"मीही खोलीबद्दलच बोलतोय."

नर्स हसली, पण जाताना अंगणात तिने एलुनेदला पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवसापासून एलुनेदच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. हिवाळ्याच्या आत खोलीत ऊब आणायची आणि इदवलला हेन्द्रेत ठेवायचं.

ऑगस्टमध्ये हेव्हिन आला.

हेव्हिन समोरच्या उतारावरच्या पेन्लानचा. त्याची आई काइन्वेन आणि एलुनेद एका बाकावर बसून शिकलेल्या. मधली दरी ओलांडून दोघींच्या स्वयंपाकघरातले दिवे एकमेकींना दिसायचे. पेन्लान आणि हेन्द्रे ही दोन्ही कातरणीच्या फेऱ्यातली घरं. जूनच्या दुसऱ्या शनिवारी पेन्लानची मेंढरं कातरायची, तिसऱ्या शनिवारी हेन्द्रेची, मग बाकी चार घरांची. सगळ्यांनी सगळ्यांकडे जायचं. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, कुणी काही लिहून ठेवायचं नाही. यजमानाने पोटभर जेवू घालायचं, बस्स. आजोबांच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. हेव्हिन बारा वर्षांचा असताना इदवलने त्याच्या मागे उभं राहून, त्याची दोन्ही मनगटं आपल्या हातात धरून त्याला कातरायला शिकवलं होतं.

आता तो चाळिशीचा होता. त्याच्या गाडीवर कुठल्याशा कंपनीचं नाव होतं आणि हातात फाइल.

"मावशी, चहा टाका. तुमच्यासाठी चांगली बातमी आणलीय."

सरकारची योजना होती. घरात आजारी माणूस असेल तर बाहेरून सगळ्या भिंतींना फोमचे जाड बोर्ड बसवून वर गिलावा करून देणार. काही द्यावं लागणार नाही.

"घराला स्वेटर घातल्यासारखं होईल बघा," हेव्हिन म्हणाला. "चूल निम्म्या कोळशावर चालेल. काका सदऱ्यावर बसतील जानेवारीत."

"मला सदऱ्यावर बघायला कोण येणार आहे?" इदवल म्हणाला. मग बराच वेळ दम घेऊन त्याने विचारलं, "पण दगड श्वास कसा घेणार रे? चुन्यातून घेतो. फोममधून?"

"हे नवीन बोर्ड आहेत, काका. बारीक छिद्रं असतात त्यांना. घेतात श्वास."

"तू बघितलंस?"

"मी त्याचाच तर कोर्स केला."

इदवलने मान हलवली. हेव्हिनने बघितलं म्हणजे झालं.

"मग आईकडे पण बसवणार ना?" एलुनेदने विचारलं.

"तिचा नंबर पुढच्या वर्षी," हेव्हिन फाइल उघडत म्हणाला.

कागद पाच होते, इंग्रजीत, बारीक अक्षरांचे. एलुनेदचा चष्मा खिडकीत होता, चार पावलांवर. ती उठणारही होती. पण कातरणीच्या फेऱ्यातला मुलगा समोर बसलेला असताना चष्मा लावून त्याचा कागद वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं. पेन्लान आणि हेन्द्रेमध्ये आजवर कागदच झाला नव्हता, मग वाचायचा कुठला? त्याने बोट ठेवलं तिथे तिने सही केली. पाच ठिकाणी.

सप्टेंबरमध्ये माणसं आली. परगावची, घाईतली. त्यांनी चुन्याच्या भिंतीवर मशिनने भोकं पाडली, बोर्ड ठोकले, वर जाळी लावली आणि बदामी रंगाचा गिलावा ओढला. काइन्वेन मनुकांचा ब्रेड घेऊन बघायला आली. दोघी जणी अंगणात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"वेगळंच दिसतंय गं," काइन्वेन म्हणाली.

"दिसू दे. आतून ऊब आली म्हणजे झालं."

"हो. ते खरं." काइन्वेनने ब्रेडवरचा रुमाल उगीच सारखा केला. "मी येते गं, कोंबड्या मोकळ्या आहेत."

आणि ऊब आली, हे एलुनेदने पुढेही कधी नाकारलं नाही. ऑक्टोबरचे ते तीन आठवडे तिला आठवत राहिले. सकाळी पलंगाखाली पाय टाकला तर फरशी बोचायची नाही. कपातला चहा बोलता बोलता गार व्हायचा नाही. इदवल खरंच सदऱ्यावर बसला होता, बाह्या वर करून, आणि खिडकीतून मेंढ्यांना नावं ठेवत होता. "ती लंगडी बघ. नर्सला सांग, तिला आधी वृद्धाश्रमात ने."

नोव्हेंबरमध्ये वादळं सुरू झाली. एकामागून एक, आडवा पाऊस. कोपऱ्यावर गिलाव्याला केसाएवढी चीर गेली, पण ती दिसायला जवळ जावं लागायचं आणि जवळ जायला कुणाला उसंत होती? नाताळच्या सुमारास मागच्या खोलीतल्या कपाटामागे एलुनेदला वास आला. कपाट सरकवलं तर भिंत काळी. तिने व्हिनेगरने पुसली. आठवड्याने पुन्हा काळी. जानेवारीत पलंगाच्या उशाशी भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. एलुनेद सकाळी उठून आधी भिंत पुसायची, मग इदवलची पाठ चोळायची. एकच काम दोनदा केल्यासारखं वाटायचं. गादी चुलीसमोर उभी करून वाळवायची, तिच्यातून वाफ निघायची. चॅपलला जायचा इदवलचा काळा कोट कपाटातून काढला तर खांद्यावर हिरवी लव धरलेली. इदवलने तो हातात घेतला, झटकला आणि परत दिला.

हेव्हिनला बोलावलं. तो आला, घराभोवती फिरला, वर बघितलं.

"पन्हळ तुंबलीय, काका. साफ केली नाहीत यंदा?"

इदवल दारात उभा होता, चौकटीला धरून. "वर चढवत नाही आता."

"बघा. तेच पाणी उतरतंय भिंतीत. बोर्डांचा काही दोष नाही. पन्हळ सांभाळायला हवी होती."

त्याने शिडी लावून ओंजळभर पानं काढून खाली टाकली. इदवल त्या पानांकडे बघत राहिला. त्या दिवसानंतर त्याने भिंतीबद्दल तक्रार केली नाही. खोकल्याची उबळ आली की तोंडावर उशी धरायचा. एकदा एलुनेद भिंत पुसत असताना म्हणाला, "ओंजळभर पानं, एलू. तेवढी मला काढता आली असती."

फेब्रुवारीत काइन्वेन भेटायला आली. स्वयंपाकघरात बसताना तिचा हात भिंतीला लागला, तिने तो मागे घेतला आणि स्कर्टला पुसला.

"ओलं साल आहे," ती म्हणाली. "सगळीकडेच."

"तुझ्याकडे पण?"

"सगळीकडेच गं," काइन्वेन म्हणाली आणि मेंढ्यांच्या वेताबद्दल विचारायला लागली.

मार्चमध्ये इदवलला रुग्णवाहिकेतून नेलं. इस्पितळात तीन आठवडे, आणि तिथून घरी न आणता गावातल्या वृद्धाश्रमात. नर्सने खोली बघितली होती. तिने एलुनेदचा हात धरला, पण नाही म्हणाली. "भिंत सुकली की मी स्वतः आणून सोडेन त्यांना."

एलुनेदने कंपनीला फोन केला. कुणी मुलगी बोलली, गोड आवाजाची. तिने कागद बघितले. "दगडी भिंतीत ओल साठू शकते हे तुम्हाला समजावून सांगितलं होतं, असं इथे आहे. चौथ्या पानावर. खाली तुमची सही आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"पण सही तुमची आहे ना?"

"सही माझीच आहे," एलुनेद म्हणाली.

हेव्हिनला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, ऑफिसातले लोक काय छापतात ते मला पण कळत नाही. मी बघतो. थांबा थोडं." आणि एलुनेद थांबली. तिला त्याचा राग आला नाही. उलट वाटलं, बिचारा, त्यालाही फसवलं असेल.

जूनचा दुसरा शनिवार आला. हेन्द्रेहून एक माणूस जायलाच हवा होता आणि हेन्द्रेत एलुनेदशिवाय माणूस नव्हतं. मुलगी ऑस्ट्रेलियात. बहात्तराव्या वर्षी एलुनेदने काळा स्वेटर चढवला, वर ॲप्रन बांधला आणि दरी उतरून पेन्लानला गेली.

अंगणात मेंढरं कोंडली होती, मशिनं गुरगुरत होती, तुपकट लोकरीचा वास सुटला होता. हेव्हिन कातरायच्या पहिल्या पाटावर, घामाने पाठ भिजलेली. इदवलसारखाच, मेंढीचं डोकं गुडघ्यात धरून, मानेपासून एका लांब ओढीत तो कातरत होता. लोकर गुंडाळायच्या टेबलाशी काइन्वेन होती. एलुनेद तिच्यासमोर उभी राहिली, दर वर्षीसारखी. कातरलेल्या लोकरीचा अख्खा पट टेबलावर पसरायचा, मळकट टोकं तोडायची, कडा आत घालायच्या, शेपटाकडून गुंडाळत यायचं आणि मानेची लोकर पिळून तिचाच दोर करून बांधायचा.

"इदवल कसाय?" काइन्वेनने विचारलं.

"बसतो खिडकीत. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते."

फेऱ्यातल्याच ब्रिनमॉर घरचा ग्लिन पुढची मेंढी ओढत होता. "एलुनेद, इदवलला सांग, त्याच्याशिवाय मजा नाही. शिव्या द्यायला कुणी नाही, सगळे नीट कातरतायत!"

सगळे हसले. एलुनेदही हसली. दहाएक पट झाल्यावर तिला पाठीत कळ आली म्हणून ती मागे घराच्या भिंतीला टेकली. सरळ झाली तेव्हा ग्लिनच म्हणाला, "अगं, पाठ बघ, पांढरी झाली."

तिने हात मागे नेला. बोटांना चुना लागला होता. ताजा, या मे महिन्याचा. तिने वळून बघितलं. पेन्लानचं घर छपरापर्यंत पांढरं होतं, वाऱ्याकडे दोन हात दिलेले. बोर्ड नव्हते.

"चुना लावलात?" ती म्हणाली. "यंदा तुमचा नंबर होता ना?"

"हेव्हिन नको म्हणाला," काइन्वेन पट पसरत म्हणाली.

"नको?"

"आपल्या दगडाला ते चालत नाही म्हणे. ओल आत कोंडते, बाहेर निघायला वाट नाही. चुनाच बरा..." आणि काइन्वेनचे हात थांबले.

मशिनं चालू होती. एलुनेदने समोरच्या पटाची एक कड आत घातली, मग दुसरी.

"कधी म्हणाला?"

"आता मला नेमकं..."

"काइन्वेन. कधी म्हणाला?"

"गेल्या ऑगस्टात."

"सप्टेंबरात तू ब्रेड घेऊन आलीस."

"हो."

"बोर्ड चढत होते. आपण दोघी अंगणात उभ्या होतो."

"मला वाटलं त्याने तुला सांगितलं असेल. तू सगळं ऐकून हो म्हणाली असशील. आणि त्याची नोकरी नवी होती, एलू. दोन लेकरं आहेत त्याला."

"फेब्रुवारीत तू भिंतीला हात लावलास."

काइन्वेनच्या हातातली मानेची लोकर पिळून पिळून तुटली.

"अहो बायांनो!" ग्लिन ओरडला. "लोकर साठली! गप्पा जेवताना!"

एलुनेदने पुढचा पट ओढला. शेवटची मेंढी सुटेपर्यंत ती त्याच टेबलाशी उभी राहिली आणि एकही गुंडाळी सैल बांधली नाही. हेन्द्रेचं काम तिने पुरं केलं. मग आतून थंड मांस, बटाटे आणि तांदळाच्या खिरीची मोठी भांडी बाहेर आली, माणसं हात धुवायला लागली. एलुनेदने ॲप्रन सोडला, घडी करून बगलेत धरला आणि ती फाटकाकडे चालू लागली. कातरणीनंतर न जेवता कुणी पेन्लानहून गेलं नव्हतं. मागे बोलणं बंद पडल्याचं तिला ऐकू आलं.

सोमवारी तिने इदवलची पहार काढली. मागच्या खोलीच्या बाहेर, कोपऱ्यावरच्या चिरेत टोक घातलं आणि अंगाचा भार दिला. बराच वेळ काही झालं नाही. मग बोर्ड कण्हल्यासारखा आवाज करून सुटला आणि मागचं पाणी तिच्या बुटांवर आलं. हिवाळ्यातलं पाणी, जूनमध्ये. बोर्डाच्या पाठीला तिच्या चुन्याचे पोपडे चिकटून आले होते. एका जागी दगड उघडा पडला, काळा, गार, घाम आल्यासारखा. तिने त्याच्यावर तळहात ठेवला. पहिल्या दिवशी दोनच बोर्ड झाले. तिसऱ्या दिवशी तळहात फुटले, तिने चिंध्या बांधल्या आणि काम चालू ठेवलं. समोरच्या उतारावरून हे सगळं दिसत होतं. दिसू दे, असं तिला वाटलं.

शनिवारी फेऱ्यातली माणसं हेन्द्रेला आली. सगळ्यांत शेवटी पेन्लानची गाडी. एलुनेद फाटकात उभी होती. बाकीच्यांना तिने आत घेतलं होतं. हेव्हिन खाली उतरला. काइन्वेन गाडीतच बसून राहिली, मांडीवर झाकलेला ब्रेड.

"मावशी, फाटक उघडा."

"हेन्द्रेची मेंढरं यंदा पाच घरं कातरतील."

"असं करू नका. लोक काय म्हणतील?" त्याने घराकडे बघितलं, वाऱ्याकडून सोललेलं. "तुम्ही एकट्याने कशाला काढताय? मी माणसं आणतो, दोन दिवसांत सगळं काढून देतो."

"दोन दिवसांत काढशील. सुकवशील किती दिवसांत?"

त्याने फाटकावर हात ठेवला.

"भिंत महिन्याला एक इंच सुकते, हेव्हिन. दोन फुटांची आहे. ज्यांनी तुला कातरायला शिकवलं त्यांना जाऊन विचार, तेवढे थांबणार का."

"मावशी, महिन्याला वीस घरं भरायला लागतात आम्हाला. नाहीतर काढून टाकतात. मला अठरा मिळाली होती."

एलुनेदने त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्यामुळे काही हलकं झालं नाही. गाडीच्या काचेतून काइन्वेन काहीतरी म्हणाली, कदाचित तिचं नाव. एलुनेदने फाटकाची कडी लावली आणि वर भारे बांधायच्या निळ्या दोरीची गाठ मारली, दोन वेढ्यांची.

रविवारी ती वृद्धाश्रमात गेली. इदवल खिडकीपाशी होता, नळी नाकाला लावून. खोली ऊबदार होती. कोरडी होती. कशालाच वास नव्हता.

"कातरणी झाली?"

"झाली."

"पेन्लानचे आले होते?"

"आले होते," एलुनेद म्हणाली, कारण फाटकापर्यंत ते आलेच होते.

"हेव्हिनचा हात कसा चालतोय?" त्याने आपली मनगटं किंचित उचलून दाखवली. मग त्याचा चेहरा उतरला. "तो काही म्हणाला का गं? पन्हळीबद्दल? मी तिथे असतो तर एकदा त्याला म्हणालो असतो, चूक माझी झाली."

रस्ताभर एलुनेदने ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. आता त्याच्याकडे बघून तिला ते जमेना.

"पन्हळीचं काही नव्हतं, इदवल. ओंजळभर पानांनी भिंत भिजत नाही. ते बोर्डच आपल्या दगडाला चालत नाहीत."

नळीतून हवेचा बारीक आवाज येत राहिला.

"त्याला माहीत होतं?"

"होतं."

त्याने आपल्या मनगटांकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि काइन्वेनला?"

एलुनेदने त्याच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली.

"नाही," ती म्हणाली. "तिला कुठलं माहीत असणार?"

"बरं," इदवल म्हणाला. "तेवढं बरं." खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी मागे येत होती. "उघडी केलीस भिंत?"

"वाऱ्याकडची सगळी."

"पाणी निघालं?"

"निघालं."

"मग सुकेल. चुना इतक्यात नको. आधी सुकू दे. महिन्याला एक इंच." त्याने हात मांडीवर ठेवला आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजायला लागला. जून, जुलै, ऑगस्ट. नोव्हेंबरपाशी त्याला खोकला आला. एलुनेदने पाठीला हात लावला, पाण्याचा पेला पुढे केला, आणि खोकला थांबल्यावर त्याने पुन्हा जूनपासून सुरुवात केली.